सत्तावीस नंबरची वडी

१

टेबलावर दोन साबण शेजारी शेजारी ठेवले होते आणि यशोवर्धन त्यांच्याकडे असा बघत होता, की त्यातला एखादा आता गुन्हा कबूल करणार.

"हा आमचा. सोळा दिवसांनी बाजारात येणार होता," तो म्हणाला. "आणि हा तारकेश कंपनीचा. सोमवारी आला. वास घेऊन बघा."

हेमलता खांबेट्यांनी आधी एक नाकाशी नेला, मग दुसरा. एकतीस वर्षं सरकारी कारखान्यात सुट्या भागांची तपासणी करण्यात गेलेली, आता खासगी तपासाची कामं घेणारी ही बाई. दोन वस्तूंत केसाएवढा फरक असला तरी त्यांच्या कपाळाला आठी पडायची. आता आठी पडली नाही.

यशोवर्धन 'सुरंगी'च्या स्ट्रॅटेजी विभागाचा प्रमुख होता. वय अडतीस, मुंबईहून येऊन दोन वर्षं झालेली. समोर फळा नसला तरी हातात मार्कर असायचाच. सुरंगी म्हणजे साबण, भांड्यांची पावडर, केसांचं तेल असं सगळं करणारी मोठी कंपनी, आणि तारकेश तिचा जुना वैरी. दोघांनी एकमेकांची दुकानातली फळी बळकावायची आणि एकमेकांच्या ऑफरवर ऑफर काढायची, हे पंचवीस वर्षं चाललेलं. पण या वेळचा डाव मोठा होता. बोअरच्या जड पाण्यातही फेस देणारा साबण! बेंगळुरूत टँकरच्या पाण्यानं आंघोळ केलेल्या माणसाला त्याचं मोल सांगावं लागत नाही. साबण घासून हात दुखतात, फेस काही येत नाही आणि बादलीच्या काठाला चिकट पांढरी साय तेवढी धरते.

"तीन वर्षं संशोधन चाललं," यशोवर्धन म्हणाला. "पहिल्या फेरीसाठी आम्ही चौदा गावं निवडली होती. कोलार, चिंतामणी, गौरीबिदनूर अशी, जिथे पाणी सगळ्यात वाईट आहे. तारकेश उतरलं तेही त्याच चौदा गावांत. ना एक जास्त, ना एक कमी. साबण आणि यादी, दोन्ही इथून गेलंय."

"दोन्ही कुणाच्या हातात होतं?"

"चौघांच्या. मी, लॅबचे प्रदीपकुमार, घरोघरच्या चाचण्या बघणारे शामसुंदर आणि ब्रँड मॅनेजर प्रांजली." त्यानं शेवटचं नाव जरा सावकाश घेतलं. "उद्या चार वाजता बोर्डाची मीटिंग आहे. प्रांजलीला काढायचा ठराव आहे. पोलिसात तक्रारही होईल. तुम्ही फक्त कागद नीट करून द्या."

"आधी निकाल आणि मग चौकशी होय?" हेमलताबाईंनी चष्मा काढून पुसला. "कागद नीट करायला तुमच्याकडे कारकून असतीलच की. मी चोर शोधायचे पैसे घेते."

यशोवर्धनचा चेहरा उतरला, पण त्यानं एक रजिस्टर त्यांच्यापुढे सरकवलं. लॅबच्या कपाटात नमुन्याच्या सहा वड्या होत्या. आज पाचच होत्या. सहावीसमोर नऊ मार्चची तारीख आणि प्रांजलीची ठसठशीत सही होती. परत आणल्याची नोंद कुठेच नव्हती.

२

"मीच नेली होती," प्रांजली म्हणाली. "आणि परत आणली नाही, कारण परत आणायला काही उरलंच नव्हतं. मी ती वापरली."

तिला एका छोट्या मीटिंग रूममध्ये बसवून ठेवलं होतं. लॅपटॉप काढून घेतला होता. पुण्याची मुलगी, वय एकतीस, एचएसआर लेआउटमध्ये एकटी राहणारी. डोळे सुजलेले होते, पण आवाज ठाम होता.

"म्हणजे आंघोळीला?"

"हो. आमच्या बिल्डिंगला आठवड्यातून चार दिवस टँकर येतो. मी लोकांना सांगणार की या पाण्यात फेस येतो, आणि स्वतः कधी बघितलंच नाही, हे मला ऑनेस्ट वाटेना. वीस दिवस पुरली."

"पुरावा?"

"आंघोळीच्या साबणाचा काय पुरावा असणार मॅडम? गटारात गेला." एवढं बोलून तिचा ठामपणा संपला. "मला काढलं तर काढू देत हो. पण चोर म्हणून काढलं ना, तर ही बातमी आमच्या इंडस्ट्रीत आठवड्यात सगळीकडे जाईल. मला कोण उभं करील? पुण्यात बाबांना काय सांगू, साबण चोरला म्हणून?"

हेमलताबाईंना तिची दया आली, आणि तिच्यावर विश्वासही बसला. खोटं बोलणारा माणूस निदान सोयीचं खोटं बोलतो. हिचं खोटं असलंच तर फारच गैरसोयीचं होतं. पण विश्वास बोर्डापुढे ठेवता येत नाही.

तिथून त्या लॅबमध्ये गेल्या. प्रदीपकुमार उंच, वाकलेले, सुगंधात आयुष्य घालवल्यामुळे स्वतः पावडरसुद्धा न लावणारे गृहस्थ होते. हेमलताबाईंचं कन्नड मोडकं पण धीट, त्यामुळे दोघांचं कन्नडमध्ये छान जमलं.

"मार्चमध्ये अठ्ठेचाळीस घरांना एकेक वडी दिली," त्यांनी सांगितलं. "पांढरी, कोरी. वर नाव नाही, शिक्का नाही. चौदा दिवस वापरायची आणि उरलेली परत द्यायची. आमची बाई दारातच ती वजन करते, कागदावर ग्रॅम लिहिते, घरच्यांची सही घेते. इथे आल्यावर मी पुन्हा वजन करतो. एका ग्रॅमचा फरक पडला तरी घंटा वाजते."

"वाजली का?"

"अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस आल्या. वजनं जुळली. एकीतूनही कुणी तुकडा काढलेला नाही. म्हणून तर सगळे त्या मुलीच्या मागे लागलेत. घरांतून साबण गेला नाही, तर गेला कुठून? कपाटातून!"

नियमाप्रमाणे त्या अठ्ठेचाळीस वड्या वर्षभर जपून ठेवल्या होत्या. हेमलताबाईंनी एकेक पुडी उघडून बघितली. झिजलेल्या, वाळून चिरा गेलेल्या वड्या. सात महिन्यांत सगळ्यांना कपाटाचा एकच वास लागला होता. नऊ वड्यांच्या पाठीवर जुन्या साबणाचे झिजलेले तुकडे चिकटवलेले होते, कुठे हिरवा, कुठे गुलाबी.

"हे बघा!" प्रदीपकुमार वैतागले. "दहादा सांगितलं होतं, जुना तुकडा चिकटवू नका, आमचा हिशोब बिघडतो. ऐकतील तर शपथ!"

हेमलताबाई ओशाळं हसल्या. तो अपराध त्या स्वतः चाळीस वर्षं करत आल्या होत्या.

त्यांच्या नजरेत आणखी एक गोष्ट आली. प्रदीपकुमारांच्या टेबलामागे काचेच्या कपाटात शिसवी पेटी उघडून ठेवली होती, आत मखमलीच्या खणांत रंगीबेरंगी साबण.

"पंचवीस वर्षं झाली की कंपनी देते," ते अभिमानानं म्हणाले. "सुरंगीनं आजवर काढलेला प्रत्येक साबण, एकेक. यातले कित्येक आता कुठे मिळणार नाहीत. मी हातसुद्धा लावत नाही."

अठ्ठेचाळीस वड्या जागेवर होत्या, वजनं चोख होती. हेमलताबाई लॅबमधून बाहेर पडल्या तेव्हा प्रांजलीच्या गळ्याभोवतीचा फास त्यांनी स्वतःच एक पीळ घट्ट केल्यासारखं झालं होतं.

३

शामसुंदर गुडघ्याच्या दुखण्यानं रजेवर होते, म्हणून हेमलताबाई दुपारी बनशंकरीला त्यांच्या घरीच गेल्या. पाच पिढ्यांपूर्वी कर्नाटकात उतरलेलं मराठी घर. दारात रांगोळी, तिच्यावर गाय पाय देऊन गेलेली.

"या की अक्का, या! उन्हातनं आलात. बसा, स्वल्प कॉफी घ्या," शामसुंदरांच्या बायकोनं, कृष्णवेणींनी, ओळख पटायच्या आतच हात धरून आत नेलं. "हे येतायत. गुडघ्याला तेल लावून बसलेत."

कॉफी आली, खुसखुशीत कोडबळी आली. हेमलताबाईंनी बेसिनवर हात धुतले. तिथला साबण पांढरा होता, पाठीवर जुना गुलाबी तुकडा लावलेला. कोपऱ्यात एक शिसवी पेटी होती, मखमलीच्या खणांत रिळं आणि बटणं नीट लावलेली.

"किती छान पेटी," हेमलताबाई म्हणाल्या.

"यांना ऑफिसात मिळाली. हे म्हणाले शोकेसमध्ये ठेव. मी म्हटलं, साबण काय बघायला असतंय? वर्षभर आंघोळीला पुरलं की ते! पेटी मात्र चांगली निघाली."

शामसुंदर लंगडत आले. साठीला टेकलेला, मऊ बोलणारा माणूस. एकेचाळीस बायका त्यांच्या हाताखाली दारोदार हिंडायच्या आणि लोक साबण कसा वापरतात, कुठे ठेवतात, कधी टाकतात हे लिहून आणायच्या. त्याबद्दल बोलताना त्यांचा चेहरा उजळायचा.

"कंपनीला वाटतंय माणसं कागदावर राहतात. नाही अक्का, माणसं बाथरूममध्ये राहतात," ते म्हणाले. मग आवाज खाली गेला. "पण जानेवारीत आमचा विभाग बंद. यशोवर्धनसरांची नवी स्ट्रॅटेजी. मोबाइलवर प्रश्न टाकायचे, लोक बोटानं उत्तर देणार. दारात कोण जायचं नाही."

"प्रांजलीबद्दल काय वाटतं?"

"चांगली मुलगी आहे ती. ती कशाला करील असलं?"

"मग कोण करील?"

"मी कुणाचं नाव कसं घेऊ? पण वड्या माझ्या खोलीतल्या कपाटात आठवडाभर होत्या, लॅबला जायच्या आधी. त्यात एक दिवस यशोवर्धनसरांनी किल्ली नेली होती. अख्खा दिवस. कशाला ते मला सांगितलं नाही."

हेमलताबाईंनी पेला खाली ठेवला. सकाळी तासभर बोलून यशोवर्धननं ही किल्ली त्यांच्यापासून लपवली होती.

४

"लपवली नाही, महत्त्वाची वाटली नाही," यशोवर्धन फोनवर चिडून म्हणाला. "दिल्लीहून एक डायरेक्टर आले होते. त्यांना दाखवायला कपाट उघडलं. तुम्ही आता माझ्यावर घसरणार का?"

"तुम्ही चौघांत आहात, साहेब. मी कुणालाच वगळलेलं नाही."

"मॅडम, वड्या अठ्ठेचाळीस गेल्या, अठ्ठेचाळीस आल्या. कपाटाची किल्ली माझ्याकडे महिनाभर असती तरी काय फरक पडला असता?"

त्यानं फोन ठेवला. माणूस उद्धट होता, पण प्रश्न बिनतोड होता. अठ्ठेचाळीस वड्या हीच भिंत होती आणि तिला फट सापडत नव्हती.

शुक्रवारी सकाळी, मीटिंगला सहा तास उरले असताना, हेमलताबाई जे. पी. नगरच्या आपल्या घरी आंघोळीला गेल्या. साबण झिजून पापडासारखा झाला होता. त्यांनी नवी वडी फोडली, जुना तुकडा ओला केला, वडीच्या पाठीवर ठेवून अंगठ्यानं दाबला. चाळीस वर्षं हात आपोआप करतो ते काम.

आणि अंगठा तिथेच थांबला.

काल त्या नऊ वड्या त्यांनी बघितल्या होत्या, पण तपासल्या नव्हत्या. कारण त्या अगदी घरच्यासारख्या दिसत होत्या! सुट्या भागांवरचा ओरखडा शोधणारी बाई, रोजच्या सवयीची वस्तू समोर आली तर आंधळी झाली. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय! त्या स्वतःवरच चिडल्या आणि ओल्या केसांनी बाहेर येऊन घरांची यादी घेऊन बसल्या.

तुकडा चिकटवणारी नऊ घरं कुणाची? चार बनशंकरीतली, तीन जे. पी. नगरातली, एक बसवनगुडीचं. घरटी एक तरी सासू किंवा आजी. आणि नववं, वडी नंबर सत्तावीस, एचएसआर लेआउट. नवरा-बायको, वय तीस आणि अठ्ठावीस, दोघंही सॉफ्टवेअरमध्ये.

तासाभरात त्या सातव्या मजल्यावरच्या त्या फ्लॅटची बेल वाजवत होत्या.

दार उघडणारी यशश्री कानात इयरफोन घालून कुठल्यातरी कॉलवर होती. "सुरंगीकडून? हो हो, मार्चमध्ये तो व्हाइट सोप दिला होता. या ना, मी म्यूटवर आहे."

"तो तू कसा वापरलास, आठवतं?"

"आठवतं म्हणजे? गंमतच झाली होती. आमच्याकडे साबणाची डबीच नव्हती! अमितनं शेवटी चहाची बशी दिली."

"डबी नव्हती? मग आधीचा साबण कशात ठेवायचात?"

"आधीचा साबण नव्हताच काकू. लग्न झाल्यापासून आम्ही बॉडी वॉशच वापरतो. या, बघा."

बाथरूममध्ये तीन बाटल्या ओळीनं उभ्या होत्या. वडी एकही नव्हती.

"त्या दिवसांत कुणी राहायला आलं होतं का? आई, सासूबाई?"

"नाही हो. आम्ही दोघंच होतो. का?"

हेमलताबाई उत्तर द्यायला थांबल्या नाहीत. ज्या घरात जुना साबणच नव्हता, त्या घरच्या वडीला जुन्या साबणाचा तुकडा चिकटला कसा?

५

ट्रॅफिकमधून लॅबमध्ये पोचायला पावणेदोन झाले. वाटेत त्यांनी रिक्षातूनच प्रदीपकुमारांना फोन केला होता, आणि दोन मगांत बोअरचं पाणी भरून तयार होतं.

"ही बत्तीस नंबर, कुठलीही एक," हेमलताबाई म्हणाल्या आणि ती वडी ओल्या हातात फिरवली. सात महिने वाळलेली, पण पांढराशुभ्र फेस आला. मग त्यांनी सत्तावीस घेतली. घासली, पुन्हा घासली. हातावर नुसती चिकट साय आली.

प्रदीपकुमारांच्या तोंडाचा आ मिटेना. "हा आमचा साबणच नाही!"

"नाही. वडी बदललीय. खरी सत्तावीस तारकेशकडे गेली."

"पण वजन? एकसष्ट ग्रॅम होतं, दारातलंही एकसष्ट!"

"त्यात काय अवघड आहे? चाचणी सुरू झाली त्याच दिवशी चोरानं आपल्या घरी एक साधी पांढरी वडी वापरायला काढली. चौदा दिवसांनी तीही झिजली. सुरीनं तासली असती तर कुणालाही कळलं असतं, ही खरोखर वापरलेली होती. मग समोर अठ्ठेचाळीस निरनिराळी वजनं होती. त्यातलं एक तरी आपल्या वडीशी जुळणारच. ते सत्तावीसचं निघालं. घर कुठलं, तिथे कोण राहतं, हे बघायची त्याला गरज वाटली नाही."

"आणि हा तुकडा?"

"तो त्याला दिसला असणार. पण खटकला नसणार. मला तरी कुठे खटकला! आता हा हळूच सोडवा."

प्रदीपकुमारांनी पातळ पाती घालून हिरवट तुकडा उचलला. खाली, इतके दिवस झाकली गेल्यामुळे अजिबात न झिजलेली, वडीची मूळ पाठ होती. तिच्यावर शिक्क्याची दोन अक्षरं स्वच्छ उमटलेली होती. श्वेता. सुरंगीचाच, कुठल्याही किराणा दुकानात मिळणारा साधा साबण.

चाचणीच्या वड्या कोऱ्या होत्या. बोर्डापुढे ठेवायला याहून मोठा पुरावा नको होता. प्रांजली सुटली होती; जिच्या हातात कपाटातली वडी होती, तिला ही अदलाबदल कशाला करावी लागली असती?

पण प्रदीपकुमार वडीकडे बघतच नव्हते. त्यांनी सुटलेला तुकडा पाण्यात बुडवला, दोन बोटांत चोळला आणि डोळे मिटून वास घेतला. डोळे उघडले तेव्हा ते घाबरलेले दिसले.

"हा वाळा आहे. मीच बनवला होता. बंद करून नऊ वर्षं झाली. हा आता कुठेच नाही, फक्त..." त्यांचा हात काचेच्या कपाटाकडे गेला. "मॅडम, माझी पेटी बघा. आत्ता बघा."

हेमलताबाईंनी बघितली. मखमलीच्या प्रत्येक खणात साबण होता. हिरवा वाळाही, कागदाची घडीसुद्धा न मोडलेला.

"यशोवर्धनला येऊन दोनच वर्षं झाली, प्रांजलीला पाच," प्रदीपकुमार पुटपुटले. "चौघांत पेटी मिळालेला दुसरा माणूस..."

त्यांनी नाव घेतलं नाही. हेमलताबाईंनाही ते ऐकायचं नव्हतं. कालच्या कोडबळ्यांची चव अजून जिभेवर होती.

६

शामसुंदर त्या दिवशी कामावर आले होते. मीटिंगमध्ये चाचण्यांचे आकडे सांगायला त्यांना बोलावलं होतं. त्यांच्या खोलीच्या भिंतीवर शहराचा मोठा नकाशा होता आणि त्यावर बायकांच्या नावांच्या टाचण्या, मथुरा, दिव्यश्री, अशा एकेचाळीस.

हेमलताबाईंनी सत्तावीस नंबरची वडी त्यांच्यापुढे ठेवली, आणि शेजारी हिरवा तुकडा.

त्यांनी वडी उलटीसुलटी करून बघितली. मग तुकड्याला बोट लावून म्हणाले, "हिनं लावला."

"तुम्हाला दिसला नव्हता?"

"दिसला होता की. रोज दिसतो तसा. जन्मभर साबण असाच बघितला, अक्का. आईच्या घरी असाच, हिच्या घरी असाच. त्यात काय वेगळं आहे, असं वाटलंच नाही." ते कसंनुसं हसले. "लोक साबण कसा वापरतात, हे शोधायचा पगार घेत होतो मी."

"का केलंत?"

त्यांनी नकाशाकडे हात केला. "फेब्रुवारीत कळलं, विभाग बंद होणार. यातल्या तीसजणी तरी एकट्याच्या पगारावर घर चालवतात. तारकेशवाले म्हणाले, तुमचं काम आम्हाला पाहिजे, एकेचाळीस जणींना घेऊ, तुम्हालाही घेऊ. आधी वडी मागितली. ऑगस्टमध्ये गावांची यादी मागितली."

"मग घेतलं त्यांनी?"

"पत्र येणार आहे म्हणतात."

सात महिने झाले होते. खोलीत दोघांनाही माहीत होतं की पत्र येणार नाही.

हेमलताबाईंना त्यांचा राग आला नसता तर बरं झालं असतं, पण आला. "शामसुंदर, तुम्ही वडी नेलीत, ते मी एक वेळ समजू शकते. पण ती मुलगी काल दिवसभर त्या खोलीत रडत होती. आणि तुम्ही मला कॉफी पाजून किल्लीची गोष्ट सांगितलीत. ते मला समजत नाही."

शामसुंदरांनी मान खाली घातली. "तिचं नाव येईल असं वाटलं नव्हतं. आल्यावर... तोंडातनं शब्दच निघेना."

"अजून पंचवीस मिनिटं आहेत. मी सांगण्याआधी तुम्ही सांगा. तेवढं तरी तिचं देणं लागता."

ते गुडघ्यावर हात टेकून उठले. दारापाशी थांबले. "अक्का, एक मागू? त्या तुकड्याचं हिला सांगू नका. तिनं आयुष्यभर घराचं एकेक वाचवलं. त्यापायी मी सापडलो, हे तिला कळलं तर ती जेवायची नाही."

हेमलताबाईंनी नुसती मान हलवली.

चार वाजता बोर्डापुढे शामसुंदर स्वतःच उभे राहिले आणि बोलले. वीस मिनिटांनी प्रांजली बाहेर आली ती पळतच, आणि हेमलताबाईंच्या खांद्यावर डोकं ठेवून हमसाहमशी रडली. कालचं रडणं आणि हे रडणं यांत फार फरक होता.

मागोमाग यशोवर्धन आला. प्रांजलीची माफी त्यानं मागितली, जरा पुस्तकी भाषेत का होईना, पण मागितली. मग हेमलताबाईंना म्हणाला, "मानलं तुम्हाला. डेटा सगळा परफेक्ट होता. तरी कळलं कसं?"

"दारात जाऊन," हेमलताबाई म्हणाल्या. "तुमच्या त्या मोबाइलच्या प्रश्नांत साबणाची पाठ दिसते का हो?"

मार्कर खिशात ठेवून तो शामसुंदरांच्या रिकाम्या खोलीत गेला आणि बराच वेळ त्या टाचण्यांपुढे उभा राहिला, हे प्रांजलीनं नंतर फोनवर सांगितलं.

रविवारी हेमलताबाई बनशंकरीला गेल्या. जाऊ नये असं वाटत होतं, आणि न जाणं त्याहून वाईट वाटत होतं. शामसुंदर वकिलाकडे गेले होते. कृष्णवेणींनी दार उघडलं. चेहरा दोन दिवसांत ओढला होता, पण कॉफी टाकल्याशिवाय त्यांना बोलता येईना.

"यांनी चुकलं, अक्का. मी नाही म्हणत नाही. त्या मुलीला भेटून पाया पडायची तयारी आहे माझी." त्या बेसिनपाशी पेले विसळत होत्या. "पण एक सांगा. हे इतके हुशार. सगळं वजनबिजन जुळवून केलं म्हणतात. तुम्ही कशावरनं ओळखलात?"

बोलता बोलता त्यांनी फळीवरची नवी वडी काढून तिचा कागद सोडवला. बशीतला झिजलेला गुलाबी तुकडा उचलला, पाण्याखाली धरला, वडीच्या पाठीवर ठेवला आणि अंगठ्यानं घट्ट दाबला.

"कागदांवरून," हेमलताबाई म्हणाल्या. "एका कागदावर नंबर चुकला होता."

"सरी, बरं," कृष्णवेणी म्हणाल्या, आणि साबण बशीत ठेवून त्यांनी कॉफी गाळली.